मागच्या डाव्या चाकाची हवा

आमच्या गाडीला चाकांचे दोन जोड होते. ऐकणारा हसतो, हसू दे. एक जोड चांदीसारखा चकचकीत, गाडीबरोबर आलेला. दुसरा काळा, लोखंडी, जाड टायरांचा, भंगारातनं आणलेला. घरात त्यांची नावंच पडली होती, चांदीची चाकं आणि काळी चाकं.

आमची वस्ती कळस गावाच्या बाहेर, रानात. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसते दगडगोटे आणि ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या. चांदीच्या चाकांचे टायर चपटे, दगड लागला की चाकाची कड वाकायची. आणि गाडी तर आम्हाला आठवड्यातनं तीनदा बारामतीला न्यावीच लागायची. आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डायलिसिसच्या मशीनवर रक्त धुऊन आणल्याशिवाय माणूस जगत नव्हता, इतकं साधं होतं ते. वार ठरलेले, खुर्ची ठरलेली, वेळ ठरलेली. वेळ चुकली तर खुर्चीवर दुसरा पेशंट.

मुलगा साखर कारखान्यात पाळीला. हंगाम चालू झाला की त्याला घर दिसत नाही. मग गाडी सूनबाईच्या हातात आली. ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या रानात नवऱ्यानं तिला गाडी शिकवली होती. मालक तिची थट्टा करायचे.

"फडात शिकलीया. सरळ रस्ता दिसला की बावरती."

"मामा, गप बसा, न्हायतर सरीतनं नेती तुमास्नी," ती म्हणायची.

पण तिचा हात चांगला होता. खड्डा आला की आधी वेग कमी करायची, कारण मालकांच्या डाव्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. त्या हातात मनगटाच्या वर डॉक्टरांनी एक शीर दुसरीला जोडून दिली होती. त्याला फिस्टुला म्हणतात. मशीनच्या जाड सुया तिथंच टोचायच्या. त्या हातानं बादली उचलायची नाही, त्यावर निजायचं नाही, घड्याळ बांधायचं नाही, बांगडीवालीनं बांगडी जपावी तसा तो हात जपायचा. तिथं तळवा ठेवला की आत घुरघुर लागायची, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं ना, अगदी तशी. तिथल्या सिस्टरनं मला शिकवलं होतं, "आजी, रोज हात लावून बघायचं. ही घुरघुर चालू हाय तोवर रस्ता चालू हाय. थांबली तर लगेच घेऊन या." मी चहा देताना एकदा बघायची आणि जेवण झाल्यावर एकदा. ते म्हणायचे, "चालू हाय गं इंजिन, कितींदा बोनेट उघडतीस!"

एकदा सणसरच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. चाक कधीपासनं बसत आलं होतं ते कुणाला कळलंच नाही. स्टेपनीतही हवा नव्हती. दुसरी गाडी मिळेपर्यंत खुर्ची गेली. त्या वेळी मालकांच्या छातीत पाणी चढलं. बसून श्वास घ्यायला लागले, उशा लावून लावून मी थकले. माणूस घरातल्या घरात बुडताना मी तेव्हा पाहिला. मशीन मिळालं, वाचले, पण सूनबाईनं ते मनाला लावून घेतलं.

मग तिनं मोबाईलवर शोधून त्या टोप्या मागवल्या. चाकात हवा भरायच्या नळीवर, वॉल म्हणतात तिच्यावर, धूळ अडवायची बारकी टोपी असते ना, तिच्या जागी ही बसवायची. तिच्यात हवा मोजायचं यंत्र असतं. काडेपेटीएवढा एक पडदा गाडीत पुढं चिकटवायचा, त्यावर चारी चाकांची हवा आकड्यात दिसते. हवा कमी झाली की तो ओरडतो. मालकांना त्याचा भारी नाद लागला. पुढं तिच्या शेजारी बसले की सगळ्या वाटेनं तेच वाचत बसायचे. "तेहतीस, तेहतीस, बत्तीस, तेहतीस. मागचं उजवं जरा उपाशी हाय गं."

त्या टोप्या चांदीच्या चाकांवर होत्या. काळ्या चाकांसाठी मुलानं दुसऱ्या टोप्या आणल्या, म्हणजे दर वेळी काढघाल नको. पडदा मात्र एकच, आणि त्याला नव्या टोप्यांची ओळख करून द्यावी लागते. जुन्या विसर, ह्या लक्षात ठेव, असं.

तो दिवस खंडेनवमीचा होता. कारखान्याचा हंगाम लागायच्या आत काळी चाकं चढवायची म्हणून मुलानं सकाळीच ती चढवली, आठही चाकांत एकसारखी हवा भरली आणि पाळीला निघून गेला. उतरवलेली चांदीची चाकं मी धुऊन तुळशीपुढं ओळीनं मांडली. शेजारी विळे, कोयते, खुरपी, ठिबकचा पान्हा, मालकांची पेरणीची जुनी पाभर. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात, आणि जो आयुष्यभर रानात राबला त्याला चाकं काय आणि विळे काय, सारखीच. पुजलं की त्याला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. वाहिलेलं फूलही ओढून काढायचं नाही, आपोआप वाळून गळू द्यायचं.

पूजेचा मान मालकांचा. खाली बसवत नव्हतं म्हणून खुर्ची टाकली होती. हळदकुंकू लावून ते एकेका चाकाला झेंडूचं फूल बांधत होते. चाकाला फूल अडकायचं कुठं? मग वॉलला. टोपी काढायची, दोरा गुंडाळायचा, टोपी परत आवळायची, म्हणजे फूल हलत नाही. त्यांची गाठ नेहमीच पक्की असायची.

गाडी तिथंच, त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर उभी. मी आत बसून पडद्यावर डोळा ठेवून होते आणि सूनबाई बाहेर टोप्या लावत होती. पडद्यावर ज्या चाकाचं चित्र लुकलुकतं त्या चाकाला तिनं टोपी लावायची. लागली की पडदा टिंव करतो आणि आकडा येतो.

"आत्या, पुढचं उजवं. आलं का?"

"आलं! तेहतीस!"

"पुढचं डावं?"

"थांब की, घाई काय... आलं. ह्येबी तेहतीस."

"सासू बघ तुझी, यष्टीतल्या कंडक्टरवानी वरडती," मालक खुर्चीवरनं म्हणाले.

मागचं उजवंही झालं. मागच्या डाव्याचं चित्र लुकलुकायला लागलं आणि लगेच टिंव झालं. मी ओरडले, "आलं! तेहतीस!"

"आगं बाई, इतक्यात? मी तर आत्ता कुठं टेकवलीया," सूनबाई म्हणाली.

"तुझ्या हाताला सवय झाली आता," मालक म्हणाले, आणि शेवटच्या चाकाच्या फुलाची गाठ मारून हात झटकले.

तिनं ती टोपी आवळली. चार चित्रं, चार आकडे. आम्ही तिघांनी खूश होऊन चहा घेतला.

दसरा झाल्यावर मुलानं चाकं गोठ्यात नेऊन ठेवली. काळ्या जोडाला चांगली स्टेपनी नव्हती, म्हणून चांदीच्यातलं गाडीजवळचं शेवटचं चाक उचलून डिकीत टाकलं. फूल तसंच, टोपी तशीच. पुजलेल्या वस्तूवरचं कोण काढणार? आणि त्यानंतर गाडी बारामतीला गेली, आली, गेली, आली. पडदा रोज तेहतीस दाखवत होता. एक गोष्ट तरी आता आपल्या हातात आहे, असं सूनबाईला वाटायला लागलं होतं. वाटेत गुणगुणायची.

मग हंगाम लागला. ज्यानं आमच्याकडचा हंगाम पाहिलाय त्याला रस्ता सांगायला नको. दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, रस्त्यावर पडलेल्या कांड्या. आणि बैलांच्या खुरांना ठोकलेल्या लोखंडी पत्र्या. पत्री झिजली की निघते, आणि तिचे बारके खिळे रस्त्यात पडतात. हंगामात पंक्चर काढणाऱ्यांची चंगळ असते.

त्या दिवशी जंक्शन गावावरनं बारामती रस्त्याला लागलो. मी मागं. मालक पुढं डाव्या बाजूला, फिस्टुलाचा हात मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवलेला. थोडं गेल्यावर ते म्हणाले, "गाडी मागनं डुलतीया का गं?"

सूनबाईनं पडद्याकडं पाहिलं. मीही मागनं वाकून पाहिलं.

"न्हाय मामा. चारी तेहतीस हायत. उसाच्या पाल्यावरनं सरकत आसंल."

"व्हय, आसंल," ते म्हणाले. पडद्यावर त्यांचाही विश्वास होता.

पुढं उसाची बैलगाडी. समोरनं ट्रॅक्टर येत होता. तिनं बैलगाडीच्या बाजूनं गाडी काढली, परत डावीकडं घेतली आणि मागनं असा आवाज आला की गाडीखाली कुणी पत्रा ओढत नेतंय. गाडीचं शेपूट फिरलं. ती ओरडली नाही, नुसतं स्टेरिंग धरून राहिली. गाडी रस्त्याच्या कडेवरनं खाली घसरली आणि कडेच्या पाण्याच्या चारीत डाव्या अंगावर कलंडून थांबली.

सगळे वाचलो. दोन मिनिटांत बैलगाडीवाला, ट्रॅक्टरवाला, रानातली माणसं गोळा झाली. मालकांना उजव्या दारातनं वर ओढून काढलं आणि उसाच्या मोळीवर बसवलं. त्यांचं सगळं अंग त्या डाव्या हातावर आलं होतं, दाराच्या आणि त्यांच्या मधी. कोपरापासून खाली हात जांभळा पडायला लागला होता.

"मुका मार हाय आबा, हळद लावा, दोन दिसांत जातोय," बैलगाडीवाला म्हणाला. भला माणूस होता, त्याला काय माहीत.

ट्रॅक्टरनं गाडी वर ओढली. मागचं डावं टायर चाकावरनं निघून लोंबत होतं, रबराच्या चिंध्या झाल्या होत्या. खुर्ची जायच्या आत पोचायचं म्हणून सूनबाईनं स्टेपनी काढायला डिकी उघडली. तेवढ्यात तिची नजर आतल्या पडद्यावर गेली. मागचं डावं, तेहतीस. टायर चिंध्या होऊन लोंबतंय आणि पडदा तेहतीस सांगतोय.

मग तिनं खाली बसून त्या फुटक्या चाकाची टोपी काढली. पडदा गप्प. डिकीतल्या चांदीच्या चाकाला हात घातला, त्याची टोपी फिरवली, आणि पडदा किंचाळायला लागला. मागचं डावं, शून्य.

टोपीखाली वाळलेला झेंडूचा देठ होता, आणि दोऱ्याची गाठ.

मालक मोळीवरनं ते सगळं बघत होते. माणूस शाळा शिकलेला नसला तरी हत्यारातलं त्यांना लगेच कळायचं. ते म्हणाले, "पोरी, ती गाठ माझी हाय. तू टोपी लावायच्या आत मी ही आवळली. पडद्यानं माझी धरली."

"न्हाय मामा. इतक्या लवकर आकडा कसा आला, हे मी बघायला पायजे हुतं. चाकाची हवा जरा सोडून आकडा उतरतोय का बघायचं, मोबाईलवर तसंच सांगितलं हुतं. मी बघितलं न्हाय."

"मी पूजा करत हुतो, तू काम करत हुतीस. दोगंबी चुकलो न्हाय."

"मग हे काय झालं?" ती म्हणाली, आणि जॅक लावायला खाली वाकली.

मी त्यांच्या हाताला तळवा लावला. सुजेमुळं लागत नसेल असं वाटलं. जरा वर लावला, जरा खाली. काही नव्हतं. गरम कातडं होतं नुसतं, आणि आत काही नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं तर ते माझ्याचकडं बघत होते.

"बंद हाय व्हय?" ते हळूच म्हणाले.

"सूज हाय," मी म्हणाले.

"तिला आत्ता सांगू नकोस. गाडी चालवायचीया तिला."

खुर्ची तेवढी सापडली. सिस्टरनं नळी कानाला लावून हात ऐकला, मग डॉक्टरनं ऐकला, मग मशीन आणून पाहिलं. रक्ताची गाठ धरून शीर बंद झाली होती. त्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात नेऊन उघडायचा प्रयत्न केला, ती उघडली नाही. उजव्या हाताच्या शिरा तर आधीच कामातनं गेलेल्या. मग मानेत नळी घातली. डॉक्टर म्हणाले, तात्पुरतं म्हणून घालतोय, पण हिला फार जपावं लागतं, जंतू शिरला की सरळ रक्तात. सूनबाई दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिला तेव्हा कळलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "आत्या, रस्त्यातच कळलं हुतं ना तुमाला?" मी मान हलवली.

त्यानंतर ती गाडीला हात लावायला तयार नव्हती. मालकांनी लावायला लावला. मानेत नळी, वर पांढरी पट्टी, तसे जाऊन पुढं बसले आणि म्हणाले, "मला दुसरा डायवर नको. भाड्याचा आला तर मी हितनं हालणार न्हाय." मग ती बसली. निघायच्या आधी चारी चाकांना गुडघे टेकून हवेचं मीटर लावायची, एकेका चाकाला दोनदा. पडदा काढून टाकला होता. वाटेत मालक एखादी थट्टा टाकायचे, ती खाली पडायची आणि तिथंच राहायची.

धाकटे दीर भेटायला आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "वैनी, मी आधीच म्हणलं हुतं. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की हे असं."

सूनबाई आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

मालकांना बोलायला दम लागत होता, तरी उठून बसले. "तू मला कितींदा नेलंस रं बारामतीला?"

"आता तात्या, माझं रान, माझी दूधगाडी..."

"एकदाबी न्हाय. तिनं किती नेलं ते तिला इचार. आन् गाठ मी मारली हुती. गावात सांगायचं आसंल तर तेवढं सांग."

दीर मान खाली घालून गेले. पण गावात त्यांनी ते सांगितलं नाही, हेही तितकंच खरं. गावात दुसरंच फिरलं.

शिमग्याच्या सुमाराला एकदा मशीनवर असतानाच मालकांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, चार चादरी घातल्या तरी थांबेना. नळीतनं जंतू शिरला होता. तिथनंच मोठ्या दवाखान्यात हलवलं. मी त्यांचा उजवा हात धरून बसले होते. शुद्ध जात येत होती. शुद्धीत आले की एकच विचारायचे, "ती आली का? तिला म्हणावं, हळू ये, घाई न्हाय." ती मागनं गाडी घेऊन येत होती. पोचली तेव्हा बोलणं बंद झालं होतं. डोळे उघडे होते, पण ओळख होती का नव्हती ते मला सांगता येत नाही. ती म्हणते, नव्हती. पहाटे गेले.

दहाव्याला, तेराव्याला माणसं आली. प्रत्येकाला अपघात कसा झाला ते ऐकायचं होतं. मी प्रत्येकाला सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून, पडद्यापासून, गाठीपासून. लोक "व्हय का, व्हय का" म्हणायचे आणि उठताना आतल्या दाराकडं बघायचे. हवेच्या टोप्या कुणाला कळणार? बाई गाडी चालवत होती आणि गाडी चारीत गेली, हे मात्र सगळ्यांना कळतं.

सूनबाईनं तेराव्याच्या संध्याकाळी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. तो म्हणाला, असू दे तुझ्याकडं, रानात लागती. तिनं ती देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आणि परत उचलली नाही. आता माझ्या डोळ्याचं दाखवायला महिन्याकाठी बारामतीला जावं लागतं. मुलाची सुट्टी पडेपर्यंत आम्ही थांबतो.

मी तिला सांगत असते. भांडी घासताना सांगते, रानात सांगते. म्हणते, अगं, त्यांनी शेवटपर्यंत तुझ्याच गाडीत बसायचं म्हटलं, ते काय मला दाखवायला? चूक कुणाची म्हणून शोधायला गेलीस तर त्या झेंडूच्या झाडाला धर, मला धर, मीच तर "आलं" म्हणून ओरडले. ती कधी उलट बोलत नाही. सगळं ऐकून घेते. "व्हय आत्या," म्हणते. आणि गाडी निघायच्या वेळी पुढची जागा माझ्यासाठी सोडून, मागचं दार उघडून मागं बसते.